लेबलिंग थिअरी

लेबलिंग थिअरी म्हणजे गुन्ह्याकडे बघायची समाजशास्त्रातली एक पद्धत, साध्या भाषेत शिक्का मारण्याचा सिद्धांत. माणूस गुन्हा का करतो हे विचारायच्या आधी ती विचारते की कुणाच्या वागण्याला गुन्हा म्हणायचं हे ठरवतं कोण, आणि एकदा नाव बद्दू झालं की त्या माणसाचं पुढे काय होतं.

सुरुवात फ्रँक टॅननबॉम यांच्या १९३८ च्या लिखाणातून धरतात. १९५१ मध्ये एडविन लेमर्ट यांनी दोन टप्पे वेगळे केले: पहिली चूक कुणाकडूनही होते नि विसरलीही जाते, पण सगळे चोर चोर म्हणायला लागले की तो स्वतःलाही तसंच समजायला लागतो आणि मग त्याच वाटेला लागतो, हे दुय्यम विचलन. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये हा विचार सगळीकडे पोचवला.

सगळ्यात बोलकं उदाहरण विल्यम चॅम्ब्लिस यांचं, १९७३ चं. एकाच अमेरिकन हायस्कूलमधली पोरांची दोन टोळकी त्यांनी दोन वर्षं जवळून पाहिली, आठ जण खात्यापित्या घरचे, सहा जण गरिबाघरचे. दांड्या, दारू, तोडफोड, चोऱ्या दोन्हीकडे. पण पहिल्यांकडे गाड्या होत्या, ते गावाबाहेर जाऊन धिंगाणा घालायचे, पोलिसांनी अडवलं की मान खाली घालून सॉरी म्हणायचे, त्यामुळे अटक एकालाही नाही. गरीब पोरं कोपऱ्यावर सगळ्यांच्या डोळ्यासमोर उभी असायची, म्हणून वाया गेलेली तीच! पुढे त्या सहातल्या दोघांना खेळाची स्कॉलरशिप मिळाली, तेवढ्याने त्यांची ओळख बदलली आणि ते मार्गी लागले, दुसरे दोघे मात्र वेगवेगळ्या खुनांत जेलमध्ये गेले.

टीकाही आहे आणि ती रास्त आहे, कारण पहिला गुन्हा का घडतो याचं उत्तर इथे नीट मिळत नाही, आणि खुनात जीव जातोच, शिक्का असो नसो.

पण शिक्क्याचं वजन मोजताही आलंय. डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिल्वॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले, निकाल २००३ मध्ये छापला. गोऱ्या उमेदवारांना ३४ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं, अर्जात जेलची नोंद असली की १७. काळ्या उमेदवारांना नोंद नसताना १४ आणि असताना ५, म्हणजे काहीच न केलेला काळा तरुण जेल भोगलेल्या गोऱ्याच्याही मागे.