१८-५५ हे आकडे आले कुठून? पहिल्या डीएसएलआरवरच्या झूम लेन्सची पार्श्वभूमी

पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, घ्यायला निघालेल्या माणसाचा लेन्सबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "झूम किती एक्स?" मुंबईत बोरा बझारच्या कॅमेरा दुकानांत थोडा वेळ उभं राहिलं तरी तो कानावर पडतो. एक्स म्हणजे लेन्सवरच्या मोठ्या आकड्याला लहान आकड्यानं भागून आलेलं उत्तर. १८-५५ म्हणजे तीन एक्स, १८-२०० म्हणजे अकरा एक्स. हे आकडे मिलिमीटरमधली फोकल लेंथ सांगतात: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ. साहजिकच अकरा तिनापेक्षा भारी वाटतं, आणि बॉडीसोबत मिळणारी १८-५५ ही दुकानदारानं गळ्यात मारलेली वस्तू वाटायला लागते.

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. लेन्स निवडताना आधी लहान आकडा बघावा, मग कंसातला एफचा आकडा (तो जितका लहान तितका लेन्समधून प्रकाश जास्त), आणि एक्स सगळ्यात शेवटी. असं का, ते कळायला हे आकडे आले कुठून हे बघावं लागतं.

झूम लेन्स मुळात फोटोवाल्यांसाठी जन्मलीच नाही, ती सिनेमावाल्यांची. १९३२ साली बेल अँड हॉवेलच्या सिने कॅमेऱ्यांसाठी कुक कंपनीची व्हॅरो नावाची ४०-१२० मिलिमीटरची लेन्स आली. पुढे व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या फ्रँक बॅक यांनी चाळीसच्या दशकात झूमार बनवली, आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी ती उचलून धरली. खेळाचं थेट प्रक्षेपण करताना लेन्स बदलायला वेळच नसतो. सिनेमा आणि टीव्हीत एक सोय होती. चित्र सतत हलतं, सेकंदाला चोवीस-पंचवीस चौकटी डोळ्यांसमोरून जातात, त्यामुळे एखाद्या चौकटीत कडा जराशा पुसट असल्या तरी कुणाच्या लक्षात येत नाही. छापलेल्या फोटोला ही सवलत नाही. माणूस तो हातात धरून कोपऱ्यापर्यंत न्याहाळतो.

दुसरी सोय चौकटीच्या आकाराची. फ्रान्समध्ये पिएर आँजेन्यू यांच्या कारखान्यानं साठच्या दशकात १६ मिलिमीटर फिल्मसाठी १२-१२० ही दहा एक्सची झूम गाजवली. ती जमली, कारण १६ मिलिमीटरची चौकट नखाएवढी असते. चौकट जितकी छोटी तितकी मोठ्या पल्ल्याची झूम बनवणं सोपं. हा नियम आजही तसाच आहे. सेन्सर म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग. छोट्या सेन्सरच्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांवर तीस एक्स लिहिलेलं असतं ते त्याच्याच जोरावर. त्यामुळे कॉम्पॅक्ट विकून डीएसएलआर घेतलेल्याला आपण मागे आलो असं वाटतं. सेन्सर कितीतरी मोठा झालेला असतो, म्हणून एक्स घटलेला असतो. पैसे मोजलेत ते त्या मोठ्या सेन्सरसाठी.

फोटोच्या ३५ मिलिमीटर एसएलआरसाठी (डीएसएलआरचा फिल्मवाला पूर्वज) पहिली झूम १९५९ साली आली. ती जर्मनीच्या फोग्टलेंडर कंपनीची, रचना पुन्हा फ्रँक बॅक यांची: झूमार ३६-८२, एफ २.८. आत चौदा काचा, आणि पुढचं तोंड इतकं रुंद की फिल्टर ९५ मिलिमीटरचा लागे. म्हणजे जेमतेम सव्वादोन एक्ससाठी एवढा खटाटोप. त्याच वर्षी निकॉनची ८५-२५० आली, पण ती लांब पल्ल्याची होती. सर्वसाधारण माणसाच्या हाती गेलेली झूम म्हणजे निकॉनचीच १९६३ सालची ४३-८६, एफ ३.५. लहान, आवाक्यातली, म्हणून खपली भरपूर. मात्र सरळ रेषा वाकवण्याबद्दल ती आजतागायत बदनाम आहे. इमारतीचा फोटो काढला की भिंत पोट सुटल्यासारखी दिसे. "झूम म्हणजे दुय्यम" ही समजूत पक्की करण्यात या लेन्सचा वाटा मोठा आहे. ती समजूत पुढची वीस-पंचवीस वर्षं टिकली. तोवर एसएलआर घेतला की सोबत ५० मिलिमीटरची, झूम नसलेली साधी लेन्स यायची आणि लोक पायांनी झूम करायचे.

वळण आलं १९७३ साली, कॅननच्या ३५-७० लेन्सनं. तिच्यात काचांचे दोनच गट. पुढचा गट प्रकाश पसरवणारा, मागचा गोळा करणारा, आणि दोघं एकमेकांच्या जवळ-लांब सरकले की दृश्य अरुंद-रुंद होतं. या मांडणीमुळे झूमची सुरुवात रुंद बाजूनं करता येऊ लागली आणि लेन्सही आटोपशीर राहिली. या घराण्याची खूण आज तुमच्या हातातसुद्धा दिसू शकते. एखादी १८-५५ घ्या आणि झूमची कडी सावकाश फिरवा. बहुतेक १८-५५ लेन्सची नळी आधी आत जाते, तिशीच्या आसपास सगळ्यात आखूड होते आणि मग परत बाहेर येते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला लेन्स बिघडली असंच वाटलं होतं.

ऐंशीच्या दशकात बॉडीसोबतची ५० गेली आणि ३५-७० आली. नव्वदीत तिची जागा २८-८० नं घेतली. रोलच्या काळातल्या बहुतेक हौशी माणसांची शेवटची लेन्स तीच.

आणि मग डिजिटल आलं, तेव्हा या २८-८० चा घोळ झाला. डिजिटल एसएलआरचा सेन्सर रोलच्या चौकटीएवढा करणं तेव्हा फारच महाग होतं. म्हणून १९९९ च्या निकॉन डी१ पासून सेन्सर साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा धरला गेला, रोलची चौकट ३६ बाय २४ ची. लेन्स तीच, पण चित्राचा मधलाच भाग टिपला जातो, कडा कापल्या जातात. निकॉनवर दीडपट, कॅननवर १.६ पट असा हिशेब पडतो. जुनी २८ मिलिमीटरची लेन्स लावली की रोलवर ४२ किंवा ४५ ची दिसेल तसं दृश्य दिसे. पक्षी टिपणारे खूश झाले, कारण त्यांची ३०० ची लेन्स फुकटात ४५० झाली. घरातल्या दिवाणखान्यात बारा माणसांचा फोटो काढणाऱ्याची मात्र पाठ भिंतीला टेकली तरी दोन काका चौकटीबाहेर राहू लागले.

यावर तोडगा निघाला ऑगस्ट २००३ मध्ये. कॅननचा ईओएस ३००डी हा हजार डॉलरच्या आत आलेला पहिला डीएसएलआर, ६३ लाख पिक्सेलचा. नुसती बॉडी ८९९ डॉलर, आणि लेन्ससकट ९९९. म्हणजे ती लेन्स शंभर डॉलरला पडत होती. तीच पहिली १८-५५. अठराला १.६ नं गुणलं की जवळपास २९ येतात, पंचावन्नला गुणलं की ८८. हरवलेली २८-८० नव्या मापात परत मिळाली होती, बाकी काही नाही. १८ हा आकडा आला तो एवढ्यासाठीच. निकॉननं पुढच्या वर्षी डी७० बरोबर १८-७० दिली, तिचाही हिशेब तोच.

या १८ मागची मेहनत मला सगळ्यात जास्त भावते. एसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा असतो. फोटो काढताना तो वर उचलला जातो, म्हणून त्याला जागा सोडावी लागते. कॅननमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सर ४४ मिलिमीटरवर, निकॉनमध्ये ४६.५ वर. साध्या भिंगाचा हिशेब धरला तर १८ मिलिमीटरची लेन्स सेन्सरपासून १८ मिलिमीटरवरच हवी, म्हणजे थेट आरशाच्या वाटेत. म्हणून प्रकाश आधी पसरवून मग गोळा करायची उलटी रचना करावी लागते. आँजेन्यू यांनी १९५० सालीच एसएलआरच्या रुंद लेन्ससाठी ती बाजारात आणली होती. कॅननच्या इंजिनिअरांनी आणखी एक केलं. ३००डीचा आरसा लहान ठेवला आणि लेन्सचा मागचा भाग आत थोडा जास्त शिरू दिला. या लेन्सच्या ईएफ-एस या नावातल्या एसचा संबंध या मागच्या कमी अंतराशी आहे. म्हणूनच ही लेन्स कॅननच्या मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर बसत नाही. पुढे कधीतरी मोठी बॉडी घेऊ असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे आत्ताच लक्षात ठेवावं.

आता कंसातला आकडा: एफ ३.५-५.६. लेन्स स्वस्त, हलकी आणि लहान ठेवायची तर झूम करताना तिचं तोंड त्या प्रमाणात मोठं होत नाही, म्हणून लांबच्या टोकाला प्रकाश कमी मिळतो. १८ वर जेवढा मिळतो त्याच्या ४० टक्क्यांच्या आसपास ५५ वर उरतो. एफ २.८ कायम ठेवणारी १७-५० किंवा १७-५५ टोकाला याच्या चौपट प्रकाश देते, पण वजन आणि किंमत दोन्ही चढतात.

अकरा एक्सची वाट वेगळी आहे. १९९२ साली टॅमरॉननं २८-२०० आणली आणि "एकाच लेन्समध्ये सगळं" हे स्वप्न हौशी माणसाच्या पिशवीत पोचवलं. साध्या गोलाईपेक्षा वेगळ्या वक्रतेच्या, ॲस्फेरिकल म्हणतात त्या काचा वापरल्यामुळे ती मुठीत मावेल इतकी झाली. जवळची वस्तू टिपणं हे मात्र तिचं दुखणं होतं. डिजिटलमध्ये तिचा वारसा २००५ साली निकॉनच्या १८-२०० कडे आला, आणि या लेन्सनं बाजार हलवला. सुरुवातीला लोक महिनोन् महिने नंबर लावून थांबले होते. पाचशे साठ ग्रॅम वजन, सोळा काचा, आणि हाताची थरथर सावरणारी व्हीआर ही सोय. हे थरथर सावरणं एसएलआरच्या लेन्समध्ये आधी आणलं कॅननच्या ७५-३०० नं, १९९५ साली. २००७ पर्यंत ते साध्या १८-५५ मध्येही उतरलं.

इथे एक गैरसमज घट्ट रुजलाय, आणि तो मी स्वतः भोगलाय. भाचीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी मित्राची १८-२०० जातीची लेन्स मागून नेली. जागा मिळाली मागच्या रांगेत. २०० वर ताणून भाचीचा चेहरा चौकटीत मस्त बसला, थरथर सावरणारं बटण चालू होतं. घरी येऊन पाहिलं तर मागचा पडदा अगदी स्वच्छ, आणि लावणीवर नाचणारी पोर म्हणजे नुसता गुलाबी पट्टा. ही सोय आपला हात थांबवते, समोरच्याचे पाय थांबवत नाही. त्याला वेगवान शटर लागतं, वेगवान शटरला प्रकाश लागतो, आणि २०० वर एफ ५.६ म्हणजे त्या सभागृहात अंधारच. त्या दिवशी साधी ५० ची एफ १.८ लेन्स घेऊन मी रंगमंचाशेजारी खाली बसलो असतो, तर मला जवळजवळ दसपट प्रकाश मिळाला असता.

तरीही अकरा एक्सला मी नावं ठेवणार नाही. जेजुरीला सोमवतीच्या गर्दीत, हवेत भंडारा उधळलेला असताना लेन्स काढून दुसरी लावणं म्हणजे सेन्सरवर हळद घेणं. तिथे एकच लेन्स लावून ठेवण्यात शहाणपण आहे. पावसाळ्यात गड चढताना, एका हातात काठी असताना, तेच. फक्त एवढं ठाऊक असावं की लांब पल्ल्याच्या या लेन्स कॅमेरा गळ्यात लटकवला की वजनानं घसरून लांब होतात, नळी आत-बाहेर होताना हवा आणि धूळ ओढतात, आणि जवळच्या वस्तूवर फोकस केला की २०० ची लेन्स प्रत्यक्षात २०० एवढं मोठं दाखवत नाही.

आणि त्याच जेजुरीत, पायऱ्यांवर माणसाला माणूस खेटलेला असताना, मला १८ च लागली होती. मागे सरकायला जागा नसते, आणि दीपमाळ तर डोक्यावर उभी असते. लांबचं टिपायचं तर काही पावलं पुढे जाता येतं, किंवा नंतर फोटो थोडा कापता येतो. रुंद हवं असेल तर असलं काहीच करता येत नाही. म्हणून लहान आकडा आधी. एक लेन्स घ्यायची आणि खर्च थोडा वाढवता येत असेल तर माझं मत १८-१३५, १८-१४० किंवा १६-८५ या मधल्या जातीला. हात आखडता असेल तर १८-५५ आणि तिच्या जोडीला एक एफ १.८.

२०२० नंतर कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे गेलं. त्यामुळे आज पहिला डीएसएलआर बहुधा कुणाच्या तरी कपाटातून निघालेला, वापरलेला असतो, आणि वरची सगळी वर्षं एकदम समोर टेबलावर येतात. निकॉनच्या २००६ च्या डी४० पासून सुरुवातीच्या वर्गातल्या बॉडीत फोकसची मोटर नाही. नुसतं एएफ लिहिलेली जुनी लेन्स त्यावर बसते, पण फोकस हातानं करावा लागतो. एएफ-एस लिहिलेली, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली घ्यावी. उलट नव्या एएफ-पी लेन्स डी९० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. कोकणातून किंवा मुंबईतून आलेली लेन्स असेल तर दोन्ही टोपणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारावा आणि पुढून तिरकं बघावं. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स परत ठेवावी.