महापालिकेने ठरवलेलं काम झालं का? इंदुरात माहितीचा अर्ज करताना कुठे अडतं

इंदूरला स्वच्छतेत २०१७ पासून वरचा मान मिळत आला आहे. केंद्र सरकारच्या २०२० च्या महापालिका कामगिरी निर्देशांकातही दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत इंदूरच पहिलं होतं. त्याचा अभिमान इथल्या मराठी घरांतही आहे आणि तो असावाच. पण क्रमांक सबंध शहराचा असतो. रामबागेत किंवा सुदामानगरात तुमच्या गल्लीतली ड्रेनेज लाइन बजेटमध्ये धरली होती, ती पडली का, पडली तर किती मीटर, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कागदच मागावा लागतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली तो दहा रुपयांत मागता येतो, आणि तरीही भल्या माणसांचे अर्ज परत येतात. कारणं बहुतेक वेळा तीच असतात, म्हणून इथे त्यांवरच जास्त लिहितो आहे.

अर्ज कोणी करायचा? भारताच्या कोणत्याही नागरिकाने. आपल्याकडे पहिली चूक इथेच होते. रहिवासी संघाच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर, खाली ‘अध्यक्ष’ असा शिक्का मारून अर्ज जातो. कायद्याने हा अधिकार नागरिकाला दिला आहे, संस्थेला नाही, तेवढ्या मुद्द्यावर अर्ज बाजूला ठेवता येतो. साध्या कागदावर स्वतःच्या नावाने लिहा आणि ‘मैं भारत का नागरिक हूँ’ हे एक वाक्य घाला. मंडळासाठी मागत असलात तरी सही तुमची आणि पत्ता तुमचा.

दुसरी गोष्ट भाषेची. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. मध्य प्रदेशात मराठी त्यात बसत नाही. घरात चार पिढ्या मराठीत पत्रव्यवहार झालेला असतो, आजोबांच्या हाताला मोडीसुद्धा वळण घेते, पण हा अर्ज हिंदीतच करा.

कागदपत्रांत कलम ६(२) लक्षात ठेवा: माहिती का हवी हे विचारता येत नाही, आणि संपर्कासाठी लागेल त्यापलीकडे वैयक्तिक तपशील मागता येत नाही. खिडकीवर समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंब-ओळख क्रमांक), मालमत्ता कराची पावती, नळाचं कनेक्शन कोणाच्या नावावर, असं काहीबाही विचारलं तर हे कलम शांतपणे दाखवा. भाडेकरूलाही हाच हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला दहा रुपये माफ आहेत. तिथे मात्र कार्डाची प्रत जोडावीच लागते, ती नसेल तर सवलत मिळत नाही. बाकीच्यांनी रोख भरून पावती घ्यावी किंवा दहा रुपयांचा नॉन-ज्युडिशियल स्टॅम्प लावावा. आपल्या प्रतीवर आवक शाखेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, नंतर नोंद करतो’ म्हणाले तरी थांबा. पुढचं सगळं त्या तारखेवर मोजलं जाणार असतं.

आता मुख्य अडचण. लोक विचारतात, ‘आमच्या रस्त्याचं काम का झालं नाही?’ या प्रश्नाला लोक सूचना अधिकारी, म्हणजे अर्जांना उत्तर देणारा कार्यालयातला अधिकारी, एका ओळीत उत्तर देतो की ही माहिती अभिलेखात उपलब्ध नाही, आणि कायद्याच्या भाषेत तो चुकलेला नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या निकालात म्हटलं आहे की जी माहिती नोंदीत आहे तीच द्यायची आहे, नवी तयार करून द्यायची नाही. म्हणून ‘का’ वगळा आणि कागदाचं नाव घ्या. झालेलं काम तीन कागदांत असतं: कार्यादेश, माप पुस्तिका आणि कार्य पूर्णता प्रमाणपत्र. अर्जात असं लिहा: ‘वित्तीय वर्ष २०२४-२५ में वार्ड क्रमांक … में … से … तक की ड्रेनेज लाइन के कार्य का कार्यादेश, माप पुस्तिका के संबंधित पृष्ठ, अंतिम देयक तथा कार्य पूर्णता प्रमाण पत्र की सत्यापित प्रति।’ वर्ष एप्रिल ते मार्च धरा. वॉर्ड क्रमांक हवाच, कारण इंदुरात ८५ वॉर्ड आहेत आणि ‘आमची कॉलनी’ या नावाची फाइल कुठेच नसते. माप पुस्तिकेत लांबी-रुंदी आकड्यांत लिहिलेली असते. टेप घेऊन गल्लीत मोजलंत की तुमचं तुम्हाला कळतं.

हे झालं कामाचं. ठरवलेलं लक्ष्य कुठे सापडतं? एक जागा सर्वांना ठाऊक आहे, ती म्हणजे बजेट. दुसरी फारशी कोणी मागत नाही, आणि माझ्या मते खरा ऐवज तिथेच आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाच्या पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी मिळून २८ मानकं ठरवली, हिंदीत ‘सेवा स्तर मानक’. माणशी रोज १३५ लिटर पाणी, चोवीस तास पुरवठा, हिशेबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांपर्यंत, तक्रारींपैकी ८० टक्क्यांचं निवारण, अशी ती आहेत. तेराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी अट घातली की नगरपालिकांची या सेवांमधली पुढच्या वर्षाची लक्ष्यं ३१ मार्चपर्यंत राजपत्रात जाहीर व्हावीत. पंधराव्या आयोगानेही दहा लाखांवरच्या शहरांचं अनुदान हवेची गुणवत्ता, पाणी आणि घनकचऱ्याच्या मानकांशी जोडलं. म्हणजे महापालिकेने स्वतःचं लक्ष्य आकड्यांत लिहून सरकारला कळवायचं, आणि वर्ष संपल्यावर किती गाठलं तेही कळवायचं, अशी ही रीत आहे. दोन्ही आकडे एकाच अर्जात, एकाच वर्षाचे मागा.

त्यासोबत आणखी एक गोष्ट मागायला विसरू नका. या पद्धतीत प्रत्येक आकड्याला विश्वासार्हतेची श्रेणी द्यायची असते, वरची ‘ए’ आणि तळाची ‘डी’. पाणी जागोजाग मीटर बसवून मोजलं असेल तर श्रेणी वर जाते. पंप किती तास चालला यावरून अंदाज बांधला असेल तर खाली येते. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर येणारं नर्मदेचं पाणी इथल्या कितीतरी भागांत एक दिवसाआड मिळतं. अशा शहरात ‘माणशी इतके लिटर’ हा आकडा मोजलेला आहे की धरलेला, हे समजल्याशिवाय लक्ष्य गाठल्याचा दावा तपासता येत नाही. अर्जातली ओळ अशी: ‘वर्ष … के लिए घोषित सेवा स्तर मानक के लक्ष्य, उसी वर्ष की उपलब्धि, तथा प्रत्येक सूचक की विश्वसनीयता श्रेणी दर्शाने वाले प्रपत्र की प्रति।’

कोणत्या विभागाला लिहायचं? रस्त्यासाठी जनकार्य, ड्रेनेजसाठी ड्रेनेज, पाण्यासाठी नर्मदा प्रोजेक्ट. सगळे विषय एका अर्जात कोंबू नका. तीन विभागांचा अर्ज तीन टेबलांवर फिरतो आणि जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्याआधी रस्ता महापालिकेचाच आहे ना, एवढं पाहा. इंदुरात काही कामं इंदूर विकास प्राधिकरणाची असतात, काही स्मार्ट सिटी कंपनीची, आणि जुन्या खाजगी कॉलन्यांपैकी काही अजून महापालिकेकडे हस्तांतरितच झालेल्या नसतात. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवणं ही कलम ६(३) प्रमाणे त्यांचीच जबाबदारी आहे. ‘हमारे विभाग से संबंधित नहीं’ एवढं लिहून अर्ज परत करणं बेकायदा आहे. असं पत्र आलं तर ते जपून ठेवा, अपिलात कामी येतं.

कंत्राटदाराच्या किंवा लाभार्थ्यांच्या वैयक्तिक तपशिलांच्या मागे मात्र लागू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं, आणि अशा एका मागणीपायी अख्खा अर्ज अडकतो. काम तपासायला नावं लागत नाहीत.

१८१ वर (मुख्यमंत्री हेल्पलाइन) किंवा महापालिकेच्या ३११ अ‍ॅपवर तक्रार केली आहे म्हणून हा अर्ज नको, असं समजू नका. ते तक्रारीचे मार्ग आहेत, त्यातून सत्यप्रत मिळत नाही. लोकसेवा गॅरंटी हा राज्याचा कायदा ठरलेल्या सेवा मुदतीत मिळाव्यात यासाठी आहे, तोही वेगळा. तक्रार केली असेल तर क्रमांक जपा, आणि काम न होता ‘हो म्हणा, बंद करतो’ असा फोन आला तर हो म्हणू नका. काम झाल्याची नोंद तुमच्याच संमतीने होते, आणि मग ८० टक्के निवारणाच्या आकड्यात तुमची तक्रारही मोजली जाते.

मुदती नीट वाचा, सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. पण मधे ‘१८ पानांचे ३६ रुपये भरा’ असं पत्र आलं तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत. पत्र २० व्या दिवशी निघालं तर पैसे भरल्यावर त्यांना आणखी १० दिवस मिळतात. पुष्कळ लोक हे पत्र म्हणजे नकार समजून कपाटात ठेवतात आणि फाइल तिथेच संपते. पान दोन रुपयांचं आहे, लगेच भरा. उलट ३० दिवस उलटून गेल्यावर पैसे मागितले तर कलम ७(६) दाखवा, मग माहिती फुकट द्यावी लागते.

उत्तर आलंच नाही तर? इथे आपल्या माणसांचा भिडस्तपणा आड येतो. बाबू म्हणतो ‘पुढच्या आठवड्यात या’, आणि आपण जात राहतो. पहिल्या अपिलाची मुदतही ३० दिवसांचीच आहे: उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तराची मुदत संपल्यापासून. अर्ज १ एप्रिलला पोचला असेल आणि १ मेपर्यंत उत्तर नसेल, तर अपील ३१ मेच्या आत गेलं पाहिजे. तोंडी आश्वासनाने ही तारीख पुढे सरकत नाही. आजारपणासारखं सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. फी ५० रुपये, अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. त्याने ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

त्यानंतर ९० दिवसांत भोपाळला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, फी १०० रुपये. आयोग दोषी लोक सूचना अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. अधिकाऱ्याला दंड व्हावाच या रागात बरेच जण कलम १८ खाली तक्रार करतात आणि तिथे फसतात. मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे की कलम १८ च्या तक्रारीत आयोग दंड करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. तुम्हाला माप पुस्तिका हवी असेल तर वरती ‘धारा १९(३) के अंतर्गत द्वितीय अपील’ असंच लिहा, आणि सोबत मूळ अर्ज, शिक्क्याची प्रत, आलेलं पत्र, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश, जे असेल ते तारखांच्या क्रमाने, पानांना क्रमांक घालून जोडा.