डिकेड ते ईऑन : मोठ्या काळासाठीचे इंग्रजी शब्द

वर्षापेक्षा मोठा काळ सांगायला इंग्रजीत भरपूर शब्द आहेत, डिकेड, सेंच्युरी, मिलेनियम, जनरेशन, एज, एरा, एपॉक, पीरियड, ईऑन, आणि यातले निम्मे तरी आपण मराठी बोलताना सर्रास वापरतो. पण त्यात सरळसरळ दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर सगळा गोंधळ होतो. पहिला प्रकार मोजलेला, दहा वर्षं, शंभर वर्षं, हजार वर्षं. दुसरा घटनेने ठरणारा, म्हणजे काहीतरी मोठं घडलं की जुना काळ संपला आणि नवा लागला, मग तो किती वर्षं चालेल हे कुणी आधी ठरवून ठेवलेलं नसतं. एरा, एपॉक हे सगळे या दुसऱ्या प्रकारातले.

आधी मोजलेले बघू. डिकेड म्हणजे मुळात कुठल्याही दहा गोष्टींचा गट. लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथांचे दहा-दहाचे गट करतात त्यांना डिकेडच म्हणतात, आणि कॅथलिक लोकांच्या रोझरीत, म्हणजे जपमाळेत, दहा हेल मेरी प्रार्थनांचा जो एक भाग असतो त्यालाही इंग्रजीत डिकेड हाच शब्द आहे. सेंच्युरीचंही तसंच, शंभराचा गट. क्रिकेटमधली सेंच्युरी शंभर धावांची असते ती याच अर्थाने. रोमन सैन्यात सेंच्युरिया नावाची तुकडी असायची, नाव शंभराचं असलं तरी प्रत्यक्षात तिच्यात साधारण ८० सैनिक असत, आणि तिचा प्रमुख तो सेंच्युरियन.

शतक मोजताना हमखास चूक होते ती सुरुवातीच्या वर्षात. विसावं शतक १९०१ ते २००० असं आहे, १९०० ते १९९९ नाही. कारण इसवी सनात शून्य वर्षच नाही, इ.स.पू. १ च्या पुढे थेट इ.स. १ येतं. ही कालगणना डायोनिशियस एक्झिग्युअस नावाच्या मंकने सहाव्या शतकात, ५२५ च्या सुमारास मांडली, आणि रोमन आकड्यांत शून्यासाठी चिन्हच नव्हतं. म्हणून नवं मिलेनियम हिशोबाने लागलं १ जानेवारी २००१ ला, पण जगाने फटाके वाजवले ते १ जानेवारी २००० ला, कारण चारही आकडे एकदम बदलताना बघण्याची मजा वेगळीच, शिवाय वायटूके म्हणजे दोन आकडी वर्षामुळे कॉम्प्युटर बिघडतील ही भीतीही त्याच तारखेची होती. मिलेनियम शब्दाला ख्रिस्ती धर्मातला एक खास अर्थ पण आहे, बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, रेव्हलेशनच्या विसाव्या अध्यायात, ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य येणार असं सांगितलंय ते. स्पेलिंगमध्ये दोन एल आणि दोन एन, यात भलेभले चुकतात.

मोजलेल्यांतले काही शब्द आता जुने झालेत. लस्ट्रम म्हणजे पाच वर्षं, रोममध्ये दर पाच वर्षांनी जनगणनेनंतर शुद्धीकरणाचा विधी व्हायचा त्यावरून. स्कोअर म्हणजे वीस, लिंकनने १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या भाषणाची सुरुवात फोर स्कोअर अँड सेव्हन इयर्स अशी केली, म्हणजे ८७ वर्षं, आणि ती मोजली की बरोबर १७७६ येतं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं साल.

ज्युबिलीवर मात्र थांबायला हवं, कारण हा शब्द आपल्याकडे दगडात कोरलेला आहे. मूळ ज्यूंच्या धर्मग्रंथातलं, सात साते एकोणपन्नास वर्षं झाली की पन्नासावं वर्ष ज्युबिलीचं, त्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग वाजवायचं, गुलामांना मोकळं करायचं, विकलेली जमीन मूळ घराण्याला परत. पुढे राजाराण्यांच्या कारकिर्दीला हा शब्द चिकटला. व्हिक्टोरिया राणीची गोल्डन ज्युबिली, म्हणजे ५० वर्षं, १८८७ मध्ये झाली, त्या निमित्ताने मुंबईच्या स्टेशनला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं (आजचं सीएसएमटी), आणि व्हीजेटीआय कॉलेजही त्याच वर्षीचं, त्याच्या जुन्या नावातला जे म्हणजे ज्युबिलीच. ६० वर्षांची डायमंड ज्युबिली १८९७ ची. प्लेगच्या वर्षी पुण्यात लोकांची घरं उघडीवाघडी करून तपासण्या चाललेल्या, आणि अशात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत गव्हर्नमेंट हाऊसवरचा हा समारंभ आटोपून परत निघालेल्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आता सिनेमाची सिल्व्हर ज्युबिली म्हटलं की २५ आठवडे, इतका तो शब्द आकसला.

आता घटनेने ठरणारे. एरा म्हणजे एखाद्या घटनेपासून मोजायला घेतलेला काळ, आणि हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, कारण शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक करून घेतला आणि राजाभिषेक शक सुरू केला, तो शब्दशः एराच. शके म्हणून आपण जे पंचांगात बघतो ते इंग्रजीत शक एरा, इसवी ७८ पासूनचं. सैलपणे राजवटीलाही एरा म्हणतात, व्हिक्टोरियन एरा १८३७ ते १९०१. एपॉक या शब्दाच्या मुळाशी ग्रीकमधला थांबण्याचा, ठरलेल्या बिंदूचा अर्थ आहे, म्हणून कॉम्प्युटरवाले आजही एपॉक म्हणजे शून्य क्षण असाच वापरतात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा एपॉक १ जानेवारी १९७०, तिथपासून सेकंद मोजले जातात, आणि जुन्या ३२ बिटच्या सिस्टिममध्ये ही मोजणी १९ जानेवारी २०३८ ला भरून जाते.

पण या सगळ्या शब्दांना खरी शिस्त लागली ती भूगर्भशास्त्रात. तिथे मोठ्याकडून लहानाकडे क्रम पक्का आहे, ईऑन, मग एरा, पीरियड, एपॉक, आणि सगळ्यात लहान एज. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आणि त्यात ईऑन फक्त चार, हेडियन, आर्कियन, प्रोटेरोझोइक आणि सध्याचा फॅनेरोझोइक, जो ५३.८८ कोटी वर्षांपूर्वी लागला. आपला आजचा पत्ता पोस्टाच्या पाकिटासारखा लिहायचा तर फॅनेरोझोइक ईऑन, सेनोझोइक एरा, क्वाटर्नरी पीरियड, होलोसीन एपॉक आणि मेघालयन एज. होय, आपलं मेघालय! चेरापुंजीजवळच्या मावम्लुह गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने जमिनीवर वाढलेला चुन्याचा एक खांब आहे, त्याच्या थरांतल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या (आयसोटोपच्या) प्रमाणावरून ४२०० वर्षांपूर्वी पाऊस एकदम कमी झाल्याचं दिसतं, आणि २०१८ मध्ये तोच खांब या एजच्या सुरुवातीची अधिकृत खूण ठरला. पृथ्वीच्या कालपत्रकावर भारतातल्या राज्यावरून नाव पडणं ही मोठी गोष्ट आहे, आपल्याकडे तिची म्हणावी तशी चर्चा झाली नाही याचं वाईट वाटतं.

आणि दुसरी गोष्ट तर थेट पायाखालची. मेसोझोइक एरा संपून सेनोझोइक लागला तो ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर गेले तो काळ. मेक्सिकोत उल्का पडली हे सगळ्यांना माहीत असतं, पण दख्खनचा लाव्हारस उसळत होता तोही त्याच सुमारास, आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच काळ्या दगडावर उभा आहे. खंबाटकी किंवा वरंधा घाटात कापलेल्या डोंगराकडे नीट बघा, आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात, तो प्रत्येक थर म्हणजे लाव्ह्याचा वेगळा लोंढा, आणि काही ठिकाणी मधूनच विटकरी-लाल पट्टी जाते. ती पट्टी म्हणजे दोन लोंढ्यांमधली उसंत, खालचा थर थंड झाला, ऊनपावसात त्याचा वरचा भाग कुजून लाल झाला, आणि मग वरून पुढचा लोंढा आला. महाबळेश्वरच्या बाजूला हे थर मिळून एक किलोमीटरच्या वर जाडी भरते, आणि यातला मोठा भाग साधारण दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असं मानतात, जे भूगर्भशास्त्राच्या हिशोबाने फारच झटपट झालं.

या क्रमात नवीन नाव घुसवणं सोपं नाही. माणसाने पृथ्वी इतकी बदलली की आता अँथ्रोपोसीन नावाचा नवा एपॉक मानावा, हा विचार वातावरणाचे अभ्यासक पॉल क्रुट्झन यांनी २००० पासून लावून धरला, बरीच वर्षं काम चाललं, पण २०२४ मध्ये संबंधित समितीने तो प्रस्ताव मतदानात फेटाळला. लेखांमध्ये शब्द चालतोच, अधिकृत पत्ता मात्र अजून होलोसीनच.

वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. लाइट इयर हा काळ नाही, ते अंतर आहे. आणि मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजे एक अब्ज. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत बिलियन म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख असायचा, ब्रिटन सरकारने १९७४ मध्ये तो सोडला, त्यामुळे त्याआधीचं पुस्तक हातात असेल तर आकडा तपासूनच मराठीत आणावा.