एंपरर की एशियन फॉरेस्ट? विंचवाचं पिल्लू ओळखायचं कसं आणि ठेवायचं कशात

डब्यावर 'एंपरर' लिहिलंय म्हणून आतलं पिल्लू एंपररच असेल असं अजिबात नाही, आणि खरं सांगायचं तर विकणाऱ्यालाही बऱ्याचदा पत्ता नसतो. अमेरिका-युरोपात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणाला विंचू पाळायचा नाद लागला असेल तर हा घोळ माहीत असेलच. एंपरर म्हणजे पँडिनस इंपरेटर, पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिन-नायजेरिया वगैरे पट्ट्यातला, आणि एशियन फॉरेस्ट म्हणजे हेटेरोमेट्रस, तो बहुतेक थायलंड-व्हिएतनामकडून येतो. दोघंही काळे, दोघंही दांडगे, दोघांचेही चिमटे रुंद. त्यात एंपरर १९९५ पासून सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे, म्हणजे निर्यातीला परवाना लागतो, आणि एशियन फॉरेस्टला ती कटकट नाही म्हणून तो स्वस्तात मिळतो. मग एकाच्या नावावर दुसरा खपवायचा मोह होणारच ना!

मोठ्या विंचवात फरक त्यातल्या त्यात सोपा. एंपररचा चिमटा खरखरीत, दाणेदार, वर लालसर केस, आणि फॉरेस्टचा जास्त गुळगुळीत, चकचकीत, जरा लांबट. पिल्लात मात्र हे दाणे नीट उठलेले नसतात, त्यामुळे वरून बघून काही कळत नाही, टॉर्च बाजूने तिरका मारा, मग थोडंफार दिसतं. रंगावर तर जाऊच नका, दर वेळी कात टाकली की रंग बदलतो. "नांगीचं टोक पांढरट आहे म्हणजे एंपरर" हे जे सगळीकडे ऐकू येतं ना, ते मोठ्या विंचवालाही लागू नाही आणि पिल्लाला तर नाहीच, लहानपणी दोघांचंही टोक फिकट असू शकतं. स्वभावाचंही तेच. मोठा एंपरर शांत आणि फॉरेस्ट तापट हे साधारण खरं आहे, पण पिल्लं दोन्हीकडची बिथरट असतात आणि मोठ्यांपेक्षा पटकन नांगी चालवतात.

खात्रीचा पुरावा एकच, संवेदी केस. चिमट्याच्या लगेच मागचं जे पेर असतं त्याच्या खालच्या बाजूला हे लांब बारीक केस असतात, ते साध्या केसांसारखे नुसते उगवलेले नसतात, प्रत्येकाच्या बुडाशी वाटीसारखा गोल खळगा असतो. फॉरेस्टला तिथे तीनच. एंपररला त्यापेक्षा कितीतरी जास्त, ओळीने. आता जिवंत पिल्लाला उलटं धरून हे मोजायला जाऊ नका, तो विनाकारण छळ आहे. कात टाकायची वाट बघा. टाकलेली कात चिमटीने उचलायची, कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवायची, म्हणजे ती मऊ पडते आणि न मोडता पसरता येते, मग ती काचेवर ठेवून खालून उजेड द्यायचा आणि भिंगाने किंवा मोबाईलच्या मॅक्रोने ते पेर बघायचं. केस गळले असले तरी खळगे दिसतात, तेच मोजा. मला विचाराल तर विकत घेतानाच कातेचा फोटो मागावा, जो देत नाही त्याला एंपररचा भाव देऊ नये.

जाता जाता, आपल्याकडचे मोठे काळे विंचूही पूर्वी याच हेटेरोमेट्रसमध्ये धरायचे, २०२० साली ती सगळी मांडणी नव्याने झाली आणि त्यातल्या काहींना डेक्कनोमेट्रस, काहींना सह्याद्रीमेट्रस अशी नावं मिळाली. मस्त नाव आहे, पण म्हणून घाटातला दगड उलटून घरी आणू नका.

आता घर. इथे चांगली गोष्ट अशी की ओळख चुकली तरी पिल्लू मरत नाही, कारण दोघंही दमट जंगलातले, बीळ करून राहणारे. आईच्या पाठीवरचं बिऱ्हाड पहिली कात टाकल्यावर उतरतं, त्यानंतर पिल्लाला लहान डबा द्या, टिफिनएवढा पुरे, मोठ्या टँकमध्ये त्याला खाणं सापडत नाही आणि तुम्हाला ते सापडत नाही. खाली चांगलं चार बोटं दाबलेलं कोकोपीट, वर झाडाच्या सालीचा तुकडा, पाण्याला बाटलीचं झाकण, त्यात दोन खडे. तापमान २५ ते ३० अंश. पाणी वरून फवारत बसण्यापेक्षा एका कोपऱ्यातून ओता, खालचा थर ओला आणि वरचा कोरडसर राहिला पाहिजे. दमटपणाच्या नादात लोक भोकंच पाडत नाहीत, मग हवा कोंडते, बुरशी धरते आणि कवचावर काळपट डाग पडतात. हीट मॅट लावायची तर बाजूला लावा, थर्मोस्टॅटसकट. खाली लावली तर पिल्लू उकाड्यापासून पळायला खाली खणतं, म्हणजे अजूनच मॅटजवळ जातं.

खायला लहान रातकिडे किंवा झुरळांची पिल्लं, पिल्लू फार बारीक असेल तर किड्याचं डोकं चेचून द्या. पोट टम्म फुगलं, कवचाच्या पट्ट्यांमधली त्वचा ताणलेली दिसायला लागली आणि खाणं बंद झालं की समजा कात येतेय, डब्यात एकही जिवंत किडा ठेवू नका, मऊ पडलेल्या विंचवाला रातकिडासुद्धा कुरतडतो. कवच कडक होईपर्यंत, म्हणजे काही दिवस, खायला देऊ नका. यूव्ही टॉर्चखाली विंचू निळसर-हिरवा चमकतो, पण नुकतीच कात टाकलेला नीट चमकत नाही, त्यावरूनही अंदाज येतो.

खरा फरक पडतो तो एकत्र ठेवण्यात. एंपररची भावंडं खाणं भरपूर असेल तर बऱ्यापैकी जमवून घेतात, फॉरेस्टच्या बाबतीत भरवसा कमी. खात्री होईपर्यंत एक पिल्लू, एक डबा.

आणि डब्यातल्या पिल्लाचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड असेल तर हा प्रश्नच वेगळा, हे दोन्हींपैकी कुणीच नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन ज्याच्या दंशाचे रुग्ण वाचवले तो कोकणातला लाल विंचू याच बारीक चिमट्यांच्या कुळातला. तो डबा उघडूच नका, परत करा.

भारतात बसून एंपरर मागवायचा विचार असेल तर २०२२ ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम बघा, सायटीसमधला प्राणी घरात असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीच्या फॉर्मवर जात बरोबरच लिहावी लागेल.