ट्रायहेक्सिफेनिडिल

कंपवात (पार्किन्सन), औषधांमुळे आलेला ताठरपणा आणि डिस्टोनिया या विकारांत वापरले जाणारे ॲसिटिलकोलीनविरोधी औषध (ॲसिटिलकोलीन म्हणजे मज्जापेशींचे निरोप पोहोचवणारे एक रसायन). १९४९ पासून वापरात असलेल्या या औषधाच्या २ मि.ग्रॅ.च्या गोळ्या भारतात ‘पॅसिटेन’ या नावाने सर्वपरिचित आहेत.

या गटाचे मूळ वनस्पतींत आहे. पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांचे शिष्य ऑर्डेनस्टाइन यांनी १८६७ च्या प्रबंधात बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या वर्गातील अल्कलॉइडांचा (वनस्पतींतील औषधी द्रव्यांचा) कंपवातावरील उपयोग नोंदवला. लेव्होडोपा हे कंपवाताचे आजचे मुख्य औषध येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे, कंपवाताच्या औषधोपचाराचा मुख्य आधार हाच गट होता. आपल्याकडचा धोतरा बेलाडोनाच्याच कुळातला. धोतऱ्याच्या विषबाधेत तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस भ्रमिष्टासारखा बरळतो. ट्रायहेक्सिफेनिडिलचे दुष्परिणाम हे त्याचेच सौम्य रूप असल्याने ते ओळखणे मराठी वाचकाला अवघड जाऊ नये.

मेंदूच्या स्ट्रायटम या भागात डोपामाइन हे दुसरे निरोप्या रसायन ॲसिटिलकोलीनला आवर घालते. कंपवातात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि हा आवर सुटतो. ट्रायहेक्सिफेनिडिल ॲसिटिलकोलीनचे मस्करिनिक ग्राही, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटून काम करते त्या जागा, अडवते. गेलेले डोपामाइन मात्र त्याने परत येत नाही. म्हणून हाताची थरथर कमी झाली, तरी हालचालीतला मंदपणा आणि चालताना जाणारा तोल यांत फारसा फरक पडत नाही. घरच्यांना हे आधीच सांगायला हवे, नाहीतर औषध लागू पडले नाही असे वाटून मात्रा वाढवण्याचा आग्रह होतो.

मनोविकारांत हॅलोपेरिडॉलसारखी औषधे डोपामाइनचे ग्राही अडवतात, तेव्हाही असाच ताठरपणा येतो. त्यावर ही गोळी गुणकारी आहे. पण ताठरपणा येण्याआधीच, केवळ खबरदारी म्हणून ती सरसकट देत राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० च्या मतैक्य निवेदनात म्हटले आहे. चिठ्ठीवर एकदा चढलेली ही गोळी वर्षानुवर्षे तशीच चालू राहते, म्हणून ती अजून लागते का, हे प्रत्येक भेटीत विचारावे. दीर्घ उपचारानंतर ओठ-जिभेच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात, त्या टार्डिव्ह डिस्किनेशियात तर ती अपाय करू शकते.

डिस्टोनियात मान, हात किंवा पाय पिळवटले जातात. या विकारात लहान मुले व तरुण मोठी मात्रा सहन करतात आणि त्यांतल्या काहींना चांगला आराम पडतो. मात्रा १–२ मि.ग्रॅ.पासून सावकाश वाढवतात.

तोंडाला कोरड, धूसर दिसणे, बद्धकोष्ठता आणि लघवी तुंबणे हे नेहमीचे त्रास. प्रोस्टेट वाढलेल्यांना आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असलेल्यांना ते विशेष धोक्याचे ठरतात. घाम कमी येत असल्याने विदर्भासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात उष्माघाताची भीती असते. पण सर्वांत जड किंमत वृद्धांची स्मृती मोजते. आजोबा विसरायला लागले, रात्री नसलेली माणसे दिसू लागली, तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी गोळ्यांची यादी तपासावी. औषध कमी केल्यावर हा गोंधळ अनेकदा निवळतो. मात्र ते एकदम थांबवल्यास थरथर आणि ताठरपणा उसळून येतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवतात.