हिवाळ्यातील जुनाट कंबरदुखी (ग्रामीण विदर्भ)

शेवटच्या बरगडीपासून कुल्ल्यांपर्यंतच्या भागात ३ महिन्यांहून अधिक काळ टिकणारे किंवा पुन्हापुन्हा उलटणारे दुखणे म्हणजे जुनाट कंबरदुखी. सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये त्याचे एकच एक शारीरिक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. विदर्भाच्या खेड्यांत दिवाळी सरून थंडी पडू लागली की हे दुखणे डोके वर काढते आणि ‘थंडीनं कंबर धरली’ असे घरोघरी ऐकू येते.

विदर्भ उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असला तरी इथला हिवाळाही कडक असतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. टिनाचे छप्पर, मातीच्या किंवा विटांच्या भिंती आणि फटीतून येणारा वारा यांमुळे घरात उघड्या शिवारापेक्षा थोडीच जास्त ऊब असते. गारठ्यात स्नायू आखडतात, माणूस अंग चोरून बसतो, हालचाल कमी करतो आणि झोपही धड लागत नाही. यातली प्रत्येक गोष्ट आधीच दुखणाऱ्या कमरेला जड जाते. मात्र ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासांत तापमान, आर्द्रता किंवा हवेचा दाब यांचा कंबरदुखी उसळण्याशी फारसा संबंध आढळला नाही. तिथली हवा आणि इथले शेत यांत अंतर आहे, हे मान्य. तरीही सगळा दोष थंडीच्या माथी मारणे बरोबर नाही. विदर्भात हिवाळा म्हणजे पुष्कळ वाकायला लावणाऱ्या कामांचा हंगाम, हे आधी पाहिले पाहिजे.

कापसाची वेचणी हे त्यातले मुख्य काम आणि ते बहुतेक बायांच्याच वाट्याला येते. बोंडे गुडघ्याच्या खालपासून छातीपर्यंत कुठेही असतात. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते, तसे सगळे वजन पोटाच्या पुढे लोंबते आणि ते पेलण्यासाठी पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. मजुरी किलोवर असल्याने मध्येच उभे राहून पाठ मोकळी करणे म्हणजे पैसे सोडणे. दिवसाअखेरीस गाठोडे डोक्यावर घेऊन घर गाठायचे असते. ओटी अर्धी भरली की रिकामी करणे, पाथ (वेचायची ओळ) संपली की हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागे झुकणे, खालची बोंडे वेचताना पाठ वाकवण्याऐवजी गुडघे दुमडणे या सवयींनी कमरेवरचा भार बराच हलका होतो. वेचणीच्या हिशेबात एवढी उसंत धरणे हे शेतमालकाचेही काम आहे. पुरुषांच्या वाट्याला गहू-हरभऱ्याचे ओलीत, म्हणजे पिकाला पाणी देणे, येते. शेतीपंपाची वीज पाळीने रात्री मिळते, तेव्हा ऐन थंडीत ओल्या पायांनी बारे फिरवावे (एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवावे) लागतात किंवा स्प्रिंकलरचे पाइप उचलून हलवावे लागतात. पाइप दोघांनी उचलावा. एकट्याने उचलून कंबर पिळली की उसण भरते.

सकाळची वेळ सर्वांत नाजूक. रात्रभर आडवे असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तास-दोन तास वाकताना त्यांच्यावर जास्त ताण येतो. ज्यांची कंबर जुनी दुखते त्यांनी त्या वेळेत वाकून सडा-सारवण, शेण काढणे, पाण्याचे हंडे उचलणे टाळावे, आधी अंगणात थोडे चालावे. लांब दांड्याचा झाडू हा साधा उपाय आहे. झोळ पडलेली बाजही बदलावी, निदान तिची दोरी ओढून कसून घ्यावी.

शेक हा घरोघरचा उपाय आणि तो खरोखर आराम देतो. तव्यावर गरम केलेल्या मिठाची किंवा वाळूची पुरचुंडी, निर्गुडीचा किंवा रुईचा गरम केलेला पाला, गरम पाण्याची पिशवी यांपैकी काहीही कापडातून १५ ते २० मिनिटे चालते. मधुमेहामुळे ज्यांची कातडी बधिर झाली आहे त्यांना भाजल्याचे कळत नाही, म्हणून शेक आधी दुसऱ्याने हाताने तपासावा. तीळ किंवा जवसाच्या तेलात लसूण-ओवा कढवून मालिश करतात, पूर्व विदर्भात मोहाच्या बियांचे तेलही चालते. गुण तेलापेक्षा चोळण्याचा असतो. बिब्बा घालणे मात्र सोडावे, त्याच्या रसाने कातडी भाजते, फोड येतात आणि चट्टे राहतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत उशाशी ठेवून झोपणे तर जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

शेकाने मिळालेली सैलता हालचालीत वापरली तरच तिचा उपयोग. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णाला दुखण्याची नीट समज देणे यांवर भर आहे, तर कमरेचे पट्टे आणि वजने लावून ओढ देणे नेहमीचा उपचार म्हणून करू नये असे म्हटले आहे. पाठीवर झोपून आळीपाळीने गुडघे छातीशी घेणे, कंबर वर उचलणे, रोज चालणे यांना पैसा लागत नाही. आठवडाभर अंथरूण धरल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. दुकानातून सांगून आणलेली वेदनाशामक गोळी महिनोन्महिने घेतल्यास पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात. लगेच आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

काही कंबरदुखी वेगळ्या असतात. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, दोन्ही मांड्यांच्या आतला भाग बधिर होणे किंवा पायातले बळ कमी होणे ही तातडीची लक्षणे आहेत, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे. बारीक ताप, वजन घटणे आणि रात्री वाढणारे दुखणे असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी हवी. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि थंडी लागली, पाणी कमी प्यायले की त्यांना हाडांत असह्य कळा येतात. तरुण मुलगा किंवा मुलगी दर हिवाळ्यात कंबर-पाठ धरून रडत असेल तर मालिश करत बसण्यापेक्षा रक्त तपासून घ्यावे. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे पाठ हळूहळू लाकडासारखी ताठ होत असेल तर बोअरचे पाणी तपासून पिण्याचा स्रोत बदलावा लागतो, शेकाने हा ताठरपणा जात नाही.