जावातलं सबस्ट्रिंग आणि मागे अडकून राहणारा ॲरे

जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्ट्रिंगवर, म्हणजे अक्षरांच्या मजकुरावर, सबस्ट्रिंग मारलं, म्हणजे त्यातला तुकडा काढला, की नवीन स्ट्रिंग मिळते हे सगळ्यांना माहीत असतं, पण आतली अक्षरं कॉपी होतात की जुनीच वापरली जातात हे सहसा कोणी बघत नाही, आणि गंमत म्हणजे याचं उत्तर २०१२ मधे चक्क उलटं झालं.

त्याआधी स्ट्रिंगच्या पोटात एक कॅरेक्टर ॲरे, म्हणजे मेमरीत ओळीने मांडलेली अक्षरं, असायचा आणि सोबत ऑफसेट आणि काउंट असे दोन आकडे, म्हणजे कुठून सुरू आणि किती अक्षरं. सबस्ट्रिंग काढलं की ॲरे तोच, फक्त हे दोन आकडे वेगळे. स्ट्रिंग एकदा बनली की बदलत नाही, त्यामुळे दोघींनी एकच ॲरे वापरला तरी कोणी कोणाचं काही बिघडवू शकत नाही. तुकडा दहा अक्षरांचा काढा नाहीतर दहा लाखांचा, वेळ तेवढाच. काटकसरी डोकं होतं!

पण वाड्यात एका खोलीत जरी भाडेकरू असला तरी अख्खा वाडा पाडता येत नाही ना, तसंच व्हायचं. समजा १० लाख अक्षरांचा मजकूर वाचला, त्यातून १० अक्षरांचा एक कोड काढून मॅपमधे, म्हणजे नोंदींच्या यादीत, ठेवला आणि बाकीचं सोडून दिलं. एका कॅरेक्टरला २ बाइट, म्हणजे त्या एवढ्याशा कोडपायी साधारण २ एमबीचा ॲरे मेमरीत बसून, नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर त्याला हातच लावणार नाही. अशा हजार फाइली वाचल्या की सर्व्हर आडवा. मग लोक सबस्ट्रिंगला वरून न्यू स्ट्रिंगमधे गुंडाळायचे, कारण तो कन्स्ट्रक्टर (नवीन स्ट्रिंग बनवणारा कोड) ॲरे मोठा दिसला की लागेल तेवढाच भाग कॉपी करून घ्यायचा. नवीन आलेल्या पोरांना ती ओळ फालतू वाटायची, काढून टाकायचे, आणि लीक, म्हणजे उगाच अडकून राहणारी मेमरी, परत हजर.

ऑगस्ट २०१२ मधे जावा ७ अपडेट ६ आलं आणि त्यात ऑफसेट, काउंट दोन्ही गेले. आता सबस्ट्रिंग म्हणजे सरळ कॉपी. लीक संपली, पण ज्यांचे पार्सर (मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणारे प्रोग्रॅम) मोठ्या स्ट्रिंगचं डोकं कापत कापत पुढे जायचे त्यांची पंचाईत झाली, कारण दरवेळी उरलेलं सगळं परत कॉपी. मला विचाराल तर निर्णय बरोबरच होता, पण नाव तेच, पॅरामीटर तेच आणि आतला खर्च वेगळा, हे एखाद्या मोठ्या व्हर्जनमधे करायचं सोडून मधल्या अपडेटमधे करणं जरा आगाऊपणाच.

सी शार्प या दुसऱ्या भाषेत तर सबस्ट्रिंग कॉपीच करतं. तिथे कॉपीशिवाय तुकडा हवा असेल तर २०१८ मधे डॉट नेट कोर २.१ (सी शार्पचे प्रोग्रॅम चालवणारा प्लॅटफॉर्म) सोबत स्पॅन आला, जो मूळ मेमरीकडे फक्त बोट दाखवतो. स्विफ्ट या भाषेने २०१७ मधे चौथ्या व्हर्जनला सबस्ट्रिंग हा टाइपच, म्हणजे डेटाचा प्रकारच, वेगळा केला, तो मूळ स्ट्रिंगचीच मेमरी वापरतो आणि जास्त वेळ ठेवायचा असेल तर तुम्ही स्वतः स्ट्रिंग बनवून घ्यायची. मला हे जास्त पटतं, काय चाललंय ते टाइप बघूनच कळतं.

कुठे कापायचं हा मात्र जावात अजून आपल्याच डोक्याचा ताप आहे. तिथे काना-वेलांटीचं वेगळं कॅरेक्टर मोजलं जातं, त्यामुळे "मराठी"ची लांबी ५ येते, आणि ० ते २ सबस्ट्रिंग घेतलं की स्क्रीनवर येतं "मर".